गाडी घेताना शोरूमवाल्याशी केलेली घासाघीस: या, किस्से सांगा

काल सिग्नलला आमची जुनी वॅगन आर दिसली. नंबर नंतर बघितला, आधी ओळखला तो मागच्या काचेवरचा गजानन महाराजांचा स्टिकर, त्याचा एक कोपरा मीच शाळेत असताना नखाने उचकटलेला. हिरवा पडला तरी मी तिथेच, मागून नुसते हॉर्न. २०१९ ला एक्स्चेंजमध्ये दिली होती. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, टायर दाबून बघितले आणि तोंड वाकडं करून "नव्वद" म्हणाला. बाबा लगेच मान डोलवायला लागले. आई म्हणाली, "मग नवी नकोच, हीच चालवतो, उठा हो" आणि खरंच पर्स उचलून दारापर्यंत गेली! एक लाख वीसला तुटलं. घरी येऊन बिल बघितलं तर 'बेसिक किट'च्या नावाखाली मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर मिळून अठ्ठावीस हजार. आई दोन दिवस धड जेवली नाही. लिहा तुमचंही, तिला वाचून दाखवणारे.

----

आईंना साष्टांग. आमच्यात उलटं, ह्यांना सोबत नेलं की भाव वाढतो. तो पोरगा सर सर करतो आणि हे फुकटच्या कॉफीवर विरघळतात

----

हँडलिंग चार्जेस साडेसात हजार. कसले विचारलं तर गोडाऊनमधून शोरूमला आणायचे म्हणे. म्हणलं मी येतो की गोडाऊनला रिक्षा करून. काढले.

----

जानेवारीत घेतली, चाळीस हजार कमी केले म्हणून मी हवेत. भाच्याने चासी नंबर बघितला, म्हणे मामा ही आदल्या मे महिन्यातली आहे. त्या नंबरात वर्ष-महिन्याचा कोड असतो, कंपनीगणिक जागा वेगळी. पैसे भरायच्या आधी यार्डात जाऊन बघा, हार घातल्यावर बघून काय उपयोग

----

इन्शुरन्स कुणीच कसा नाही काढला अजून?? शोरूमचा कोट बावन्न, बाहेर तीच कंपनी, तेवढीच आयडीव्ही (गाडी पूर्ण गेली तर मिळायची रक्कम), झिरो डेप (पार्टची घसारा न कापणारं कव्हर) धरून छत्तीस. बाहेरून घेतो म्हणलं तर "मग डिस्काउंट बसणार नाही सर". आणि जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस, पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के, तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. कंपनीकडून पत्र घ्यायचं की नव्या गाडीला लागतो. हे आपणहून कोणी सांगत नाही. मी जेवण टाकून लिहितोय एवढा राग आहे

----

घासाघीस कसली, आमच्या वडिलांनी चेतक बुक केली तेव्हा मी पाचवीत, आली तेव्हा कॉलेजात. ज्यांना थांबवत नव्हतं ते वर 'ऑन' देऊन घ्यायचे. नंबर लागलाय एवढंच कळलं तरी पेढे वाटले होते. चुकून पहिला किक मी मारला म्हणून मारही खाल्ला.

----

पाडव्यालाच डिलिव्हरी पाहिजे हे वाक्य तोंडातून गेलं की तुम्ही संपलात. आम्ही पितृपक्षात जातो, शोरूममध्ये माश्या मारत असतात. गेल्या खेपेला म्हणजे २०२५ ला तर २२ सप्टेंबरलाच घटस्थापना आणि त्याच दिवशी लहान गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८. पण शहाण्याने स्वतःचा डिस्काउंट लगेच आवरता घेतला, "सरकारने दिलंय ना सर"

----

ते स्टिकर कसे काढायचे कोणी सांगेल का? आमची पण द्यायची आहे, स्वामींचा फोटो आहे काचेवर, सासूबाई तशी देऊ देत नाहीयेत

----

हेअर ड्रायरने गरम करा मग हळू सोला. चिकटा राहिला तर खोबरेल तेल.

----

इकडे न्यू जर्सीत जुनी गाडी दिली की तिची किंमत वजा करून उरलेल्यावरच सेल्स टॅक्स, त्यामुळे बाहेर विकायचा मोह होत नाही. पण सेल्समन दर महिन्याचा हप्ता किती परवडेल एवढंच विचारत राहतो, त्या नादाला लागलं की जुनीचा भाव, नवीचा भाव, व्याज सगळं एकात कालवतो. मी आता जुनी आहे हे सांगतच नाही. नवीचा भाव ईमेलवर लिहून घ्यायचा, मग हळूच "अरे हो, एक गाडी द्यायची होती". त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो

----

भाव राहू दे, नाव बदललं का ते बघा आधी. फॉर्म २९, ३० वर सह्या करून निवांत झालो, आठ महिन्यांनी सोलापूर हायवेचं ई-चलन मला! एजंटाने दोनदा विकली होती पण आरसीवर मीच. आरटीओत चार खेपा झाल्या.

----

थांबा. आत्ता हे वाचून एम-परिवहनवर (गाडीचा मालक दाखवणारं सरकारी ॲप) आमच्या वॅगन आरचा नंबर टाकला. नावात मध्ये चांदण्या आहेत पण पहिली अक्षरं बाबांचीच दिसतायत

----

आईंना आज वाचून दाखवू नका