समुद्र दहा मिनिटांवर, तरी फोटो सगळे एकसारखेच. काय बदलावं?

माडाची_सावली

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ राहते. कॅमेरा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा, २४ मेगापिक्सेल. सोबत १८-५५ किट लेन्स आणि ५० मिमी एफ/१.८. ट्रायपॉड आहे, फिल्टर एकही नाही. अडचण अशी की सूर्यास्त, होडी, माड यापलीकडे फोटो जातच नाहीत. त्यातही सूर्याभोवती पिवळा डाग पडतो आणि वाळू काळीठिक्कर येते. टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी लेन्स) घ्यावी असं मनात आहे, पण त्याने हे सुटेल का? दुसरं, किनाऱ्यावरच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरू नये म्हणून नक्की काय करायचं? विकत घेण्याआधी करण्यासारखं जे असेल ते सांगा.

उधाणभांग

ताई, टेलिफोटोचे पैसे तूर्त राहू द्या. आधी भिंतीवरचं पंचांग हातात घ्या. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीवरून काढता येते, जुने दर्यावर्दी तशीच काढतात. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला साधारण सव्वाअकरा. त्याच्या सहा तास पुढेमागे ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टक बघायचंच. पण महिन्याचं नियोजन एवढ्यावर होतं.

याचा फोटोशी संबंध असा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती-ओहोटी, असते, आणि त्या दिवशी ओहोटी पडते पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास, म्हणजे नेमकी उन्हाच्या सोनेरी वेळेला. पाणी खूप आत जातं, खडक उघडे पडतात, ओल्या वाळूचा मोठा पट्टा हाती येतो. तुमची काळी वाळू इथेच सुटते. कोरडी वाळू उजेड गिळते, ओली वाळू आकाशाचा उजेड परत देते, त्यामुळे वरच्या आणि खालच्या भागातला फरक आपोआप कमी होतो. कर्दे-मुरूडसारख्या सपाट किनाऱ्यावर हे फार छान दिसतं. अष्टमीच्या आसपास उलट. संध्याकाळी भरती असते, पण भांगाची, म्हणजे पाणी फार चढत नाही. खडकावर शांतपणे येणारं पाणी हवं असेल तर ते दिवस धरा. भर उधाणाची भरती सूर्यास्ताला आपल्याकडे येतच नाही, ती दुपारी नाहीतर मध्यरात्री. हे ठाऊक नसलं की माणूस चुकीच्या दिवशी जातो आणि कॅमेऱ्याला बोल लावतो.

आता पिवळा डाग. सूर्यास्ताला लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांत लाल आधी भरून वाहतो. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) त्या वेळी ठीक दिसत असतो, म्हणून कळत नाही. मेनूमध्ये तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम असतो, तो चालू करा. लाल आलेख उजव्या भिंतीला टेकला की एक्सपोजर (कॅमेऱ्यात जाणारा उजेड) −०.७ किंवा −१ करा. सूर्याचं बिंब पांढरं झालं तर होऊ द्या, भोवतालचं केशरी वाचलं पाहिजे. फोटो रॉमध्येच (सेन्सरची कच्ची फाइल) काढा, कारण जेपेगमध्ये सावलीतला तपशील वर ओढला की चट्टे दिसू लागतात. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची जुळणी) ऑटोवर ठेवू नका. कॅमेरा केशरी रंगाला दोष समजून तो धुऊन टाकतो. ‘डेलाइट’वर ठेवा. आणि सूर्य बुडाल्याबरोबर ट्रायपॉड गुंडाळू नका. पुढची वीस-पंचवीस मिनिटं आकाश आणि वाळू यांचा उजेड जवळजवळ सारखा होतो, एकाच एक्सपोजरमध्ये दोन्ही मावतात.

लाटेचं रूप शटर किती वेळ उघडं राहतं यावर ठरतं. १/५०० ला थेंब गोठतात. १/४ ते १/२ सेकंदाला परत जाणाऱ्या फेसाच्या रेघा उमटतात. लाट मागे सरायला लागली की त्याच क्षणी बटण दाबायचं, येताना दाबलं तर नुसता पांढरा गोळा येतो. ८-१० सेकंदांना पाण्याचं धुकं होतं. संधिप्रकाशात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, एफ/११ (लेन्सचं भोक, आकडा मोठा तितकं लहान) वर अर्धा सेकंद फिल्टरशिवाय मिळतो. एफ/२२ वर जाऊन शटर लांबवू नका, क्रॉप सेन्सरवर एफ/११ च्या पुढे कडा मऊ पडायला लागतात आणि सेन्सरवरचा प्रत्येक धूलिकण आकाशात ठिपका होऊन बसतो. फिल्टर घ्यायचाच तर सहा स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारी काळपट काच; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) पहिला, १/६० चा साधारण एक सेकंद होतो. दहा स्टॉपचा त्याच १/६० चे सतरा सेकंद करतो, तो सगळ्यांना लागतोच असं नाही.

ओल्या वाळूत ट्रायपॉडचे पाय आधीच बोटभर दाबून बसवा आणि एक लाट जाऊ द्या. लाट पायाखालची वाळू नेते आणि सगळं सूतभर खाली बसतं; ते बसून झाल्यावर फोटो काढा. मधली दांडी वर काढू नका, टायमर दोन सेकंदांवर, लेन्सची स्थिरता यंत्रणा बंद.

समुद्राकडे पाठ करून व्ह्यूफाइंडरमध्ये डोकं घालू नका. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गासारख्या कातळावर ओहोटीतच उतरायचं आणि पाणी फिरायच्या आत वर यायचं.

कोरडा_डबा

दमट हवेबद्दल. बुरशी हवेतल्या आर्द्रतेवर वाढते, साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर फार दिवस राहिलं की धरतेच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर घरात ऐंशीच्या खाली क्वचित येतं. महागडं कपाट लागत नाही. रबरी कडा असलेला दहा-बारा लिटरचा हवाबंद डबा, दोनशे ग्रॅम सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक एवढं पुरे. काटा ४० ते ५० मध्ये ठेवा. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि लेन्समधलं ग्रीस सुकतं.

स्वस्त मापकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, ते दहा-दहा टक्के चुकतात. तपासायची सोपी रीत: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवा. आत ७५ टक्के व्हायला हवेत. मापक ८१ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक आकड्यातून सहा वजा करायचे.

निळी सिलिका जेल गुलाबी झाली की तिचं काम संपलं. मंद आचेवर परतत राहिलं की पुन्हा निळी होते. स्वयंपाकाची कढई मात्र वापरू नका, निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो. गार होईपर्यंत झाकून ठेवा, उघडी ठेवली तर गार होता होताच ओल धरते. तांदळात कॅमेरा ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याची पूड खाचांत शिरते. चामड्याची किंवा कापडी बॅगही साठवणीला नको, तीच ओल धरून ठेवते.

किनाऱ्यावरून आल्यावर काच कधीही कोरडी पुसू नका. फुंकणीने आधी वाळू उडवा. मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने बॉडी आणि लेन्सची नळी पुसा, मग कोरड्याने. खाऱ्या थेंबाचं पाणी उडून गेलं की काचेवर मिठाचे खडे राहतात, त्यावर कोरडं कापड म्हणजे पॉलिशपेपर. काचेसाठी कापडाचा कोपरा किंचित ओला करून आधी मीठ विरघळू द्या. ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याखाली धरा आणि उघडेच वाळवा, नाहीतर महिन्याभरात पिळाचे चाप अडकतात. एसीच्या खोलीतून बाहेर काढताना कॅमेरा झिपच्या पिशवीतच अर्धा-पाऊण तास ठेवा. घाम पिशवीवर येऊ दे, लेन्सवर नको.

जांभा_आणि_गवत

विषय बदलायचा असेल तर समुद्राकडे पाठ करून सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) चढा. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत: बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, देवीहसोळ, उक्षी. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. दुपारी जाऊन काढलेला फोटो सपाट येतो आणि लोक म्हणतात, ‘काही दिसतच नाही’. रेघ जांभ्यात उथळ कोरलेली असते, तिच्या कडेची सावली पडली तरच ती दिसते. म्हणून उगवल्यापासून पहिला तास किंवा मावळतीआधीचा शेवटचा. ऊन रेघेला आडवं यायला हवं, रेघेच्या दिशेने पडलं तर ती पुसल्यासारखी होते. लांब आकृतीत काही रेघा सकाळी उठतात, काही संध्याकाळी, तेव्हा दोन खेपा धरा. ढगाळ दिवशी दुसऱ्याकडून टॉर्च जमिनीच्या पातळीवर एका बाजूने धरून घ्या. रेघेत खडू किंवा रांगोळी भरू नका, शिल्पावर पाय देऊ नका. कशेळीचा हत्ती एका चौकटीत मावत नाही. कडेने चालत, प्रत्येक फोटो आधीच्या तिसऱ्या भागावर चढेल असे सात-आठ काढून जोडा.

ऑगस्ट-सप्टेंबरात याच सड्यावर सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. ५० मिमी घेऊन पोटावर झोपा, एफ/४, पाठीमागे पाण्याचं डबकं येईल असा कोन शोधा.

माडाची_सावली

पंचांगाचं हे अजिबात डोक्यात नव्हतं, मनापासून आभार. दोन शंका. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव टिपायचा असेल तर ५० मिमी चालेल का? आणि पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) घ्यावा की नको?

बंदरपाखाडी

लिलावाला ५० हीच योग्य. एफ/२.८, शटर १/२५० च्या खाली नको, बोली लावताना हात हलतात. उजेड उतरला की आयएसओ १६०० ते ३२०० बिनधास्त ठेवा, थोडा दाणा चालतो, हललेला हात चालत नाही. पापलेट-सुरमईच्या चांदीवर उजेड लखकन उठतो, तिथे −०.७. टोपलीच्या उंचीला बसून काढलंत तर मासा, हात आणि चेहरा एका फोटोत येतात. उभं राहून काढलं की नुसती डोकी. मावशीला आधी विचारा. बोली चालू असताना ग्राहक आणि मासळी यांच्या मध्ये उभं राहू नका, तो त्यांचा धंद्याचा वेळ आहे. फ्लॅश नको. वेळासला कासवांची पिल्लं सोडताना तर फ्लॅशच काय, मोबाइलची स्क्रीनही पुढे धरू नका. पिल्लं उजेडाच्या दिशेने वळतात.

उधाणभांग

पोलरायझर घ्या, पण तो कुठे काढायचा हे आधी शिका. पावसाळ्यात ओली पानं आणि खडकावरची चमक मारायला त्याच्यासारखं काही नाही, हिरवा रंग खरा दिसतो. मात्र ओल्या वाळूतलं प्रतिबिंबही तो तसंच मारतो, म्हणजे वर सांगितलेला सगळा खटाटोप पाण्यात. सूर्यासमोर त्याचा आकाशावर परिणाम होत नाही, तो सूर्यापासून काटकोनात सर्वाधिक. १८ मिमीवर आकाशाचा एक तुकडा गडद आणि एक फिका येतो, तेव्हा २८ च्या पुढे वापरा. वर एक-दीड स्टॉप उजेड खातो.

आणि एक जागा निवडून वर्षभर तिथेच जा. आपल्या अक्षांशावर सूर्य मावळण्याची जागा पश्चिमेपासून दोन्ही बाजूंना साधारण चोवीस-चोवीस अंश सरकते. जूनमध्ये उत्तरेकडे, डिसेंबरमध्ये दक्षिणेकडे. म्हणजे तुमच्या खाडीच्या तोंडाशी जे टोक आहे, त्याच्या मागे सूर्य काही महिनेच जातो, बाकी वेळ उघड्या पाण्यात बुडतो. दर पौर्णिमेला त्याच खडकावरून, त्याच १८ मिमीवर एक फोटो घ्या. बारा झाले की १२ बाय १८ इंचांत छापा. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, तुमच्या कॅमेऱ्यात ते आहेत. छापताना कागद मॅट सांगा, आपल्याकडच्या ओलीत चकचकीत कागद काचेला चिकटतो.