प्रति: प्रेमाची आज्ञा पाळायची कशी?
‘प्रेम आतून उमलतं, त्याची आज्ञा कशी देणार?’ हा प्रश्न बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ६:५ पाशी (‘तुझा देव परमेश्वर याच्यावर पूर्ण मनाने प्रीती कर’) थांबलं की पडतोच. पुढची ६ ते ९ वचनं वाचा: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी हे बोला, दाराच्या चौकटीवर लिहा. म्हणजे भावना दाटून येण्याची वाट बघायची नाही, रोजच्या वेळा देवाला द्यायच्या. श्रद्धाळू यहुदी आजही ‘शमा’, म्हणजे याच वचनांची प्रार्थना, सकाळ-संध्याकाळ म्हणतात.

आपलं इथेच बिनसतं. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत नवसाला गर्दी, घरातली संध्याकाळची प्रार्थना मात्र टीव्हीपुढे राहून जाते. मार्कच्या शुभवर्तमानातला (१२:३३) शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचा जाणकार, तर या प्रेमाला सगळ्या होमार्पणांहून मोठं म्हणतो! जेवणाआधी पाचच मिनिटं ठेवा, वचन मुलांना मोठ्याने वाचू द्या. अर्ध्या तासाचा नेम धरला की आठवडाभरात मोडतो.