मदत हवी आहे: लॅपटॉपवरची शेल स्क्रिप्ट १ जीबी रॅमच्या फोनवर कशी चालवू?

मंडळी, जरा मदत करा. डुप्लिकेट फोटो शोधायची एक बॅश (कमांड चालवणारा शेल) स्क्रिप्ट आहे, लॅपटॉपवर मस्त चालते, आता तीच टर्मक्समध्ये (अँड्रॉइडवर लिनक्सच्या कमांड चालवायचं अ‍ॅप) एका जुन्या फोनवर चालवायचीय. अँड्रॉइड ७, रॅम १ जीबी आणि फोटो ६ हजारांच्या आसपास. सुरुवातीला बरी चालते, मग फोन तापतो, कीबोर्डपण उघडत नाही आणि शेवटी सिग्नल ९ दाखवून सगळंच बंद पडतं.

स्क्रिप्ट अशी आहे की फाइंडने सगळी नावं एका अ‍ॅरेत घेते, मग फॉर लूपमध्ये प्रत्येक फोटोसाठी बेसनेमने नाव, कटने एक्स्टेन्शन, टीआरने ते स्मॉल लेटरमध्ये, मग एमडी५सम (फाइलमधल्या मजकुरावरून तिचा ठसा, म्हणजे हॅश, काढणारी कमांड), आणि त्यातला हॅश ऑकने (ओळीतला हवा तो भाग निवडणारी कमांड) काढून दुसऱ्या अ‍ॅरेत. शेवटी लूपच्या आत लूप, प्रत्येक हॅश बाकी सगळ्यांशी ताडून बघायचा.

फोन रूट करायचा (सिस्टिमचा पूर्ण ताबा घ्यायचा) नाहीये. पायथॉन टाकायला जागा नाही. आणि यातले बरेच फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत त्यामुळे काही उडालं तर परत मिळणार नाही, म्हणून नीट समजून घेऊनच करायचंय. बॅश सोडून साध्या एसएचवर नेली तर फरक पडेल का?

प्रतिसाद १

सिग्नल ९ म्हणजे सिस्टिमनेच मारलंय. अँड्रॉइड १२ पासून ३२ चाइल्ड प्रोसेसची (अ‍ॅपने सुरू केलेले प्रोग्रॅम) मर्यादा आलीय पण तुमचं ७ आहे, म्हणजे ते कारण नाही, मेमरी संपत असणार.

टर्मक्समधलं एसएच म्हणजे डॅश नावाचा शेल, ते बॅशपेक्षा हलकं आहे खरं, पण नुसतं तेवढ्याने भागणार नाही. एका फोटोमागे पाच प्रोसेस म्हणजे ६ हजार फोटोंना ३० हजार, आणि प्रत्येक वेळी नवा प्रोसेस उभा करणं अशा फोनला फार महाग पडतं. वर लूपच्या आत लूप म्हणजे ३ कोटी ६० लाख तुलना! बेसनेम आणि कट तर लागतच नाहीत, नावाचा नको तो भाग कापायचं काम डॉलर महिरपी कंसातल्या दोन # चिन्हांच्या एक्स्पान्शनने शेल स्वतःच करतं.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण मी म्हणेन लूपच काढून टाका. ज्या दोन फाइल्सची साइझ वेगळी त्या डुप्लिकेट असूच शकत नाहीत, मग सगळ्यांचा हॅश कशाला काढायचा? एमडी५सम अख्खी फाइल वाचतं, फोन तापतो तो त्यानेच.

आधी फाइंडमध्ये एक्झेकने स्टॅट (फाइलची साइझ वगैरे सांगणारी कमांड) चालवा आणि शेवटी सेमिकोलनऐवजी अधिकचं चिन्ह द्या, म्हणजे एका स्टॅटला एकदम बऱ्याच फाइल्स जातात. साइझ आणि नाव एवढंच छापा. ते ऑकला द्या, एखादी साइझ दुसऱ्यांदा दिसली की तिथलं आधीचं आणि आताचं दोन्ही नावं बाहेर काढायची. तेवढ्याच फाइल्स एक्सआर्ग्सने (यादीतली नावं दुसऱ्या कमांडला देणारी कमांड) एमडी५समला, पुढे सॉर्ट, आणि शेवटच्या ऑकमध्ये पहिली ३२ अक्षरं मागच्या ओळीशी जुळली तर ती डुप्लिकेट. नावांमध्ये स्पेस असतील तर एक्सआर्ग्सच्या आधी टीआरने नवी ओळ बदलून नल कॅरेक्टर करा आणि एक्सआर्ग्सला शून्यवाला ऑप्शन द्या, हे विसरू नका.

कॉम्प्रेस होऊन परत आलेला फोटो यात सापडणार नाही, हॅश बदलतो.

मूळ धागाकर्ता

दोघांचे खूप खूप आभार!! साइझवालं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता स्टॅट आणि ऑकपर्यंतचा भाग चालवला, फोन अडकला नाही आणि यादी बरीच छोटी आली. आता हॅश रात्री चार्जिंगला लावून टर्मक्सचा वेक लॉक (फोन झोपू न देणारी सोय) चालू करून काढतो. एकच विचारायचंय, डुप्लिकेट सापडले की शेवटच्या ऑकमधूनच सरळ आरएमला (फाइल उडवणारी कमांड) दिले तर चालेल का?

प्रतिसाद २

नको नको. यादी आधी फाइलमध्ये लिहा, त्यातल्या काही जोड्या सीएमपीने (दोन फाइल्स ताडून बघणारी कमांड) तपासा, मग एमव्हीने (फाइल हलवणारी कमांड) दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. फोल्डर त्याच स्टोरेजवर असेल तर हलवायला जास्तीची जागा लागत नाही. गॅलरीत सगळं जागेवर दिसलं की मगच तो फोल्डर उडवा.