मदत हवी आहे: ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात चिंचिला पाळता येतील का? आणण्याआधी काय तयारी करू?

अंगणवेल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत राहतो. लेक अकरा वर्षांची आहे आणि बरेच महिने तिचा एकच धोशा चाललाय, चिंचिला (सशापेक्षा लहान, दाट फरचा, कुरतडणारा प्राणी) पाळायच्या. कुत्रा नको, मांजर नको, हॅमस्टर तर नकोच. ("तो दोन-तीन वर्षांत मरतो, आई," हे कारण तिने अगदी शांतपणे दिलं.) आता नवराही तिला सामील झालाय, त्यामुळे घरात विरोधी पक्षात मी एकटी. माझा विरोध प्राण्याला नाही, आधी आणायचा आणि मग गूगल करायचं या पद्धतीला आहे. म्हणून हा धागा.

वाचून जे कळलंय ते आधी सांगते, म्हणजे तेच तेच तुम्हाला लिहायला नको. दोन आणायच्या, एकाच लिंगाच्या, शक्यतो बहिणी-बहिणी किंवा भाऊ-भाऊ. मुख्य खाणं टिमथी गवत, ते चोवीस तास समोर हवं. त्यासोबत रोज चमचा-दोन चमचे साध्या पेलेट्स (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या). पाण्याने अंघोळ अजिबात नाही. एकेका मुळातून पन्नास-साठ केस निघतात, ओले झाले तर आतपर्यंत वाळत नाहीत. त्याऐवजी आठवड्यातून दोन-तीनदा ज्वालामुखीच्या बारीक धुळीत लोळू द्यायचं. पिंजरा उंच हवा, कारण ही मंडळी उड्या मारणारी. इथवर ठीक.

आता अडचणी.

पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे उकाडा. हा अँडीज पर्वतातला, थंड कोरड्या हवेतला प्राणी. 60 ते 70 फॅरनहाइट बरं, 80 च्या जवळ गेलं की उष्माघाताची भीती. घरात एसी आहे हो, पण जुलै 2024 मध्ये बेरिल चक्रीवादळ आलं तेव्हा या भागात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती, आणि कित्येकांकडे ती दिवसेंदिवस आली नाही. आम्ही सरळ ऑस्टिनला मैत्रिणीकडे गेलो. पुढच्या वेळी दोन चिंचिला घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं?

दुसरी अडचण भारतवारीची. जातो तेव्हा चार-पाच आठवडे जातो. तेवढे दिवस कोण बघणार?

तिसरी जरा नाजूक आहे. आमचं ग्रीन कार्ड कधी येईल ते ब्रह्मदेवालाच ठाऊक. चिंचिला पंधरा-वीस वर्षं जगतात म्हणे. उद्या पुण्याला परत जायची वेळ आली तर?

आणि नवऱ्याला धुळीची अ‍ॅलर्जी आहे, तोच माणूस सगळ्यात जास्त उत्साहात आहे. यावर काय बोलणार!

ज्यांनी खरंच पाळल्या आहेत त्यांनी सांगा. "खूप गोड असतात" एवढंच लिहिणार असाल तर ते लेकीने सांगून झालंय.

---

रात्रपाळी

डॅलसहून लिहितोय. आमच्याकडे दोन नर आहेत, दोघं भाऊ. टेक्सासात पाळता येतात, फक्त एसीला चैनीची वस्तू समजणं सोडून द्यायचं.

नुसतं तापमान बघू नका, दमटपणाही बघा. पाळणारे लोक एक सोपा हिशोब करतात: फॅरनहाइटचा आकडा आणि आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज 150 च्या खाली ठेवायची. घरात 72 आणि 50 असेल तर 122, निवांत. वीज गेल्यावर तुमच्याकडे बघता बघता 85 आणि 70 होईल, म्हणजे 155. पंधरा-वीस डॉलरला दोन्ही दाखवणारा मीटर मिळतो, तो पिंजऱ्याच्याच उंचीवर टांगा. थर्मोस्टॅटवर विसंबू नका, तो हॉलमधलं सांगतो.

पिंजरा खालच्या मजल्यावर ठेवा. लेक म्हणेल माझ्या खोलीत, आणि ती खोली वर असणार. आपल्याकडच्या दुमजली घरांत ऑगस्टच्या दुपारी वरचा मजला खालच्यापेक्षा चांगलाच तापतो. शिवाय या रात्री जागतात. चाकाचा आवाज, फळीवरून फळीवर उड्या, मध्येच काही दिसलं तर भुंकल्यासारखा ओरडा. शाळेच्या दिवशी मुलीची झोप होणार नाही. खिडकीचं ऊन नको आणि स्वयंपाकघराची भिंतही नको. मिरचीच्या फोडणीचा खाट आपल्याला सोसत नाही, त्यांना कुठून सोसणार? उदबत्ती-धूपही त्या खोलीत नको.

वीज गेल्यावरचं सांगतो. पंख्याचा उपयोग नाही, त्यांना घाम येत नाही. ग्रॅनाइटच्या फरश्या पिंजऱ्यात कायम ठेवा, एरवीही त्यावर पसरतात. पण फरशीने तासभर निभेल, रात्र नाही. खिडकीतला 5000 बीटीयूचा छोटा एसी साधारण 450-500 वॉट खातो, म्हणजे दोन किलोवॉट-तासांची बॅटरी असली तरी सलग चालवल्यास चार तासांत संपली. बेरिलसारखं काही आलं तर त्याने भागत नाही. एकतर 2000 वॉटचा इन्व्हर्टर जनरेटर घ्या (बाहेर, दारं-खिडक्यांपासून लांब चालवायचा, गॅरेजमध्ये कधीही नाही), नाहीतर निघा. आमचा मार्ग निघण्याचा. वादळाची बातमी पक्की झाली की गाडी आधी एसी लावून गार करायची, दोन कॅरिअर, गवताची पिशवी, धुळीचा डबा, आणि चाललो. प्राणी चालणारी हॉटेलं आधीच हेरून ठेवा. 'पेट्स'मध्ये बऱ्याच ठिकाणी फक्त कुत्रा-मांजर धरतात, म्हणून फोन करून विचारा.

एक गंमत सांगतो. अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक चिंचिला 1923 मध्ये मॅथायस चॅपमन नावाच्या खाण-अभियंत्याने चिलीहून कॅलिफोर्नियात आणलेल्या डझनभर प्राण्यांच्या वंशातल्या मानल्या जातात. त्याने म्हणे त्यांना डोंगरावरून एकदम खाली आणलं नाही, टप्प्याटप्प्याने उतरवलं आणि बोटीवर बर्फ लावून थंड ठेवलं. त्याला त्यांची फर विकायची होती, प्रेमबीम काही नाही. तरी गारव्याची काळजी त्यालाही घ्यावीच लागली.

---

चकलीपात्र

लिंग स्वतः तपासून घ्या हो! आम्हाला एका दुकानातून दोन माद्या म्हणून दिल्या. एके दिवशी सकाळी पिंजऱ्यात तिसरं आणि चौथं डोकं. पिल्लं जन्मतःच डोळे उघडे आणि अंगभर केस घेऊन येतात, त्यामुळे क्षणभर वाटलं कुणी आणून सोडली की काय. गर्भारपण 111 दिवसांचं, आणि मादी व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. त्या दिवशीच नराला वेगळं केलं म्हणून चारावर थांबलो.

बघायचं असं: मादीलाही पुढे शंकूसारखा छोटासा उंचवटा (कोन) असतो, त्यामुळे नवखा माणूस फसतो. कोन आणि गुदद्वार यांच्यामध्ये मोकळी जागा दिसली तर नर, जवळजवळ चिकटून असेल तर मादी. घेताना डॉक्टरांकडून तपासून घेतलेलं उत्तम.

---

वैद्यबुवांची नात

मी एक्झॉटिक (कुत्रा-मांजर सोडून इतर पाळीव) प्राण्यांच्या दवाखान्यात टेक्निशियन आहे. रात्रपाळी यांनी उकाड्याचं नीट सांगितलंय, मी पोटाचं आणि दातांचं सांगते, कारण आमच्याकडे येणाऱ्या चिंचिला बहुतेक त्यासाठीच येतात.

दात आयुष्यभर वाढतात, पुढचेही आणि दाढाही. ते झिजतात गवत चावून, पेलेट्स खाऊन नाही. निरोगी चिंचिलाचे पुढचे दात गडद पिवळे-नारिंगी असतात; पांढरे दिसले तर लोकांना बरं वाटतं, आम्हाला काळजी वाटते. हनुवटी ओली राहायला लागली, किंवा गवत सोडून फक्त मऊ खाऊ लागली, की दाढा बघायला हव्यात.

पोट सतत चालतं राहिलं पाहिजे. उलटी करता येत नाही या प्राण्याला. खाणं थांबलं आणि लेंड्या कमी किंवा बारीक झाल्या तर 'उद्या बघू' म्हणू नका, त्याच दिवशी फोन करा. (एरवी दिवसाला दोनशेच्या वर लेंड्या पडतात. कोरड्या असतात, वास नाही, पण सोफ्याखाली सापडत राहतील.) दर आठवड्याला किचनच्या वजनकाट्यावर ग्रॅममध्ये वजन करून लिहून ठेवा. हे काम लेकीला द्या. फर इतकी दाट असते की आत हडकली तरी डोळ्यांना दिसत नाही, काटा बरोबर सांगतो.

नेहमीच्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरवर भागवू नका. उरलेलं अ‍ॅमॉक्सिसिलिन घरचं म्हणून कुणी दिलं तर जीव जाऊ शकतो. तोंडावाटे दिलेली पेनिसिलिन गटातली औषधं आतड्यातले उपयोगी जंतू मारतात. चिंचिला बघणारा डॉक्टर आणि रात्रीची इमर्जन्सी कुठे, हे प्राणी आणण्याआधी शोधा. ह्यूस्टनमध्ये मिळतील.

अ‍ॅलर्जीबद्दल: धुळीची अंघोळ झाकणाच्या डब्यात, दहा-पंधरा मिनिटं, नवरा घराबाहेर असताना. मग डबा उचलून ठेवायचा. पण रोजचं गवतही धूळ सोडतं. म्हणून आधी गवताचा खोका आणून आठ-दहा दिवस घरात ठेवा आणि अहोंना त्यात हात घालू द्या. शिंका किती येतात ते कळेल. खोकाभर गवत परत देणं सोपं आहे.

आणि आजी-आजोबा येणार असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. माझी आईच म्हणाली होती, "नुसतं गवत? काय उपास चाललाय का बिचारीचा?" मनुके, शेंगदाणे, पोळीचा तुकडा, गाजर, काही नाही. फारच वाटलं तर फवारणी न केलेल्या गुलाबाची वाळलेली पाकळी. गुलकंद नव्हे!

---

स्पष्टवक्ता

माझं मत विचारलंत तर आणू नका. लेक अकराची, सात वर्षांनी कॉलेजला जाईल. तेव्हा हे प्राणी अर्ध्या वयाचेही नसतील कदाचित. एक चिंचिला 29 वर्षं जगल्याची नोंद आहे. म्हणजे या तुमच्याच, मुलीच्या नाहीत. मांडीवर बसून लाड करून घेणारा प्राणीही नाही हा. घट्ट धरलं तर फरचा पुंजका हातात सोडून पळतो.

आणि पुण्याचं म्हणाल तर, प्रवाशाच्या सामानाबरोबर भारतात नेता येणारे पाळीव प्राणी म्हणजे कुत्रा आणि मांजर. चिंचिला त्यात बसत नाही. नेता आल्या तरी पुण्याचा एप्रिल काय असतो ते मी सांगायला नको.

---

अंगणवेल (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. स्पष्टवक्ता, तुमचं लिहिणं लेकीला वाचून दाखवलं. तिने दोन मिनिटं तोंड फुगवलं, मग विचारलं, "पण मग ज्यांना कुणी घेत नाही त्या म्हाताऱ्या चिंचिला कुठे जातात?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, शोधलं. रेस्क्यूमध्ये (सोडून दिलेले प्राणी सांभाळणाऱ्या संस्थांत) सात-आठ वर्षांच्या जोड्या असतात, आधीच एकमेकींच्या सवयीच्या. मालक गाव बदलतात, मुलं मोठी होतात, आणि मग त्या तिथे येतात. म्हणजे अगदी आमच्यासारख्याच लोकांकडून!

त्यामुळे आता विचार असा आहे की पिल्लं आणायचीच नाहीत. वयस्क जोडी घेतली तर वर्षांचा हिशोब आमच्या व्हिसाच्या जरा जवळ येतो. परत जायची वेळ आलीच तर त्यांना परत घेण्याची लेखी अट मी घालून घेणार आहे. ज्या संस्थेशी बोलले तिचा तर उलट तोच आग्रह आहे, दुसऱ्या कुणाला परस्पर द्यायच्या नाहीत म्हणून. भारतवारीच्या काळात त्यांच्याकडेच पैसे भरून ठेवता येतात का, तेही विचारलंय.

गवताचा खोका काल आणला. नवरा शिंकला. तो म्हणतो ती सर्दी आहे. आठ दिवस होऊ देत.

एक प्रश्न राहिला. ओळखीत एकाकडे दुमजली क्रिटर नेशन पिंजरा जुना मिळतोय, तीन फूट रुंद, दोन फूट खोल. आधी त्यात उंदीर होते. घ्यावा का?

---

रात्रपाळी

घ्या, चांगला असतो. गजांमधलं अंतर अर्धा इंच आहे, मोठ्या चिंचिला निसटत नाहीत. आतले प्लास्टिकचे ट्रे आणि रॅम्पवरचं प्लास्टिक मात्र काढून टाका, कुरतडून गिळतात आणि ते पोटात अडकतं. धातूचे ट्रे वेगळे मिळतात, वर फ्लीस घाला. फळ्या भट्टीत वाळवलेल्या साध्या पाइनच्या, रंग-वॉर्निश काही नको, देवदार वर्ज्य. फळ्या एकाआड एक अशा लावा की पाय घसरला तरी दोन फुटांच्या आत खालची फळी लागेल. वयस्क जोडी असेल तर अंतर अजून कमी ठेवा. चाक लागेल ते किमान पंधरा इंचांचं, अखंड पृष्ठभागाचं, धातूचं. जाळीचं नको, पाय अडकतो.

गज गरम पाणी आणि व्हिनेगरने घासून उन्हात दोन दिवस ठेवा. ह्यूस्टनच्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग.

---

वैद्यबुवांची नात

उंदीर कशाने गेले ते त्या ओळखीच्यांना विचारा आधी. आजाराने गेले असतील तर पिंजरा घासण्याआधी मला इथे सांगा, कुठलं जंतुनाशक आणि किती वेळ ते आमच्या डॉक्टरांना विचारून लिहिते.