१८ मीटरच्या बाजाररस्त्यात फूटपाथ, सायकल ट्रॅक, पार्किंग सगळं बसतं का? बैठकीत काय मागू?

सदाफुली७२

नमस्कार मंडळी. आमच्या भागातला बाजाराचा मुख्य रस्ता नव्याने करायचं ठरलंय, हरकती-सूचना मागवल्यात आणि पुढच्या आठवड्यात वॉर्डात बैठक आहे. रस्ता भिंत ते भिंत १८ मीटर, दोन्ही बाजूंनी दुकानं, मध्ये एक शाळा, एक मंदिर, टोकाला एसटी स्टँड. दुतर्फा वाहतूक. फूटपाथ आहे म्हणायला आहे, पण दीड फूट उंच, दर दुकानापाशी तुटलेला, त्यावर एमएसईबीचे बॉक्स, फ्लेक्सचे खांब आणि टू-व्हीलर्स, त्यामुळे शाळेची पोरं आणि म्हातारी माणसं सगळी डांबरावरूनच चालतात, एसटीच्या अगदी अंगाला लागून.

आता काहीजण म्हणतायत पुण्याच्या जेएम (जंगली महाराज) रोडसारखं करा, रुंद फूटपाथ, सायकल ट्रॅक, बाकडी. दुकानदार म्हणतात पार्किंग गेलं की धंदा बसला. रिक्षावाल्यांचं म्हणणं आधीच जॅम होतो त्यात अजून अरुंद कशाला. मला बैठकीत नुसतं "फूटपाथ करा" म्हणून परत यायचं नाहीये. नेमकं काय मागायचं, मापासकट सांगा प्लीज.

पथिक_शिवाजीनगर

जेएम रोडवर रोज चालतो म्हणून लिहितो. रस्ता खरंच छान झालाय, संभाजी बागेपासून पुढे चालत गेलात तर झाडं न तोडता त्यांच्याभोवती बसायला जागा केलीय, लहान मुलांची खेळणी आहेत, संध्याकाळी आजी-आजोबा येऊन निवांत बसलेले दिसतात, आणि शहरातल्या मोठ्या रस्त्यावर असं बसता येणं ही फार मोठी गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं.

पण कॉपी करायच्या आधी एक बघा. जेएम रोड वन-वे आहे. डेक्कनहून शिवाजीनगरकडे जाणारी गाडी जेएमवरून जाते आणि उलटी येणारी एफसी (फर्ग्युसन कॉलेज) रोडवरून. दोन समांतर रस्त्यांची जोडी आहे म्हणून तिथे गाड्यांची जागा कमी करून माणसांना देता आली. तुमच्याकडे असा जोडीचा रस्ता आहे का? नसेल तर तेच चित्र १८ मीटर दुतर्फामध्ये बसवायला गेलात की सगळंच अर्धवट होणार. आणि २०१६ मध्ये पुणे महापालिकेने स्ट्रीट डिझाइनच्या गाइडलाइन्स केल्यात, त्यात वेगवेगळ्या रुंदीच्या रस्त्यांचे नमुने आहेत, जेएमचे फोटो दाखवण्यापेक्षा बैठकीत ते नमुने न्या.

आडवाछेद

रस्त्यांच्या डिझाइनमध्येच काम करतो, त्यामुळे जरा लांबण लागेल. वरच्यांचं बरोबर आहे. १८ मीटरमध्ये सगळं बसत नाही, हे बैठकीत सगळ्यात आधी सगळ्यांनी मान्य करायला हवं, नाहीतर ड्रॉइंगवर सगळं बसवून दाखवतात आणि साइटवर फूटपाथ सव्वा मीटरचा होतो.

हिशोब असा. आयआरसी १०३ म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं मानक आहे, ही मापं त्याच्या २०१२ च्या आवृत्तीतली. त्यात फूटपाथवर अडथळ्याशिवाय चालायची जागा कमीत कमी १.८ मीटर, आणि दुकानांच्या भागात २.५. कर्बची, म्हणजे फूटपाथच्या कडेची, उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, म्हणजे तुमचा दीड फुटाचा तिथेच बाद झाला. आता २.५ चालायला आणि १ मीटर खांब, झाडं, बॉक्स यांना, असे एका बाजूला ३.५, दोन्हीकडचे मिळून ७. उरले ११. एसटी जाणार आहे म्हणून दोन लेन ३.२५ च्या, झाले साडेसहा. उरले साडेचार, म्हणजे एका बाजूला सव्वादोन. सगळं भांडण या सव्वादोन मीटरच्या पट्ट्याचं आहे.

माझं मत, या पट्ट्यात सलग पार्किंग पण नको आणि सायकल ट्रॅक पण नको. पट्टा तुकड्यांनी वापरायचा. कुठे बसस्टॉप, कुठे रिक्षा स्टँड, कुठे माल उतरवायची जागा, कुठे हातगाड्या, कुठे पार्किंग. शाळेसमोर आणि मंदिरासमोर पट्टा फूटपाथमध्येच घ्यायचा, म्हणजे रस्ता ओलांडायला ११ मीटरऐवजी साडेसहाच राहतात. म्हातारं माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालतं धरलं तर १४ सेकंदांचे ८ होतात, आणि तिथे क्रॉसिंग फूटपाथच्याच लेव्हलला उचलून घेतलं की गाडीला आपोआप स्लो व्हावं लागतं.

रिक्षावाल्यांना सांगा, रस्त्यावरून किती गाड्या जातील ते चौकात ठरतं, मधल्या रुंदीवर नाही. आज तुमच्या ११ मीटरमध्ये दोन्हीकडे गाड्या लागतातच ना, वर डबल पार्किंग, मग चालू लेन बाजूला एकच उरते. तीच एक लेन सरळ, न अडता मिळणार आहे. फक्त त्यासाठी रिक्षा आणि बस थांबायची जागा लेनच्या बाहेर हवी, ती ड्रॉइंगवर दिसली नाही तर सोडू नका.

चाकदोन

आडवाछेद, बाकी पटलं पण सायकल तुम्ही अशी एका वाक्यात उडवून लावलीत ते नाही पटलं. शाळा आहे म्हणतायत, आठवी-नववीची मुलं सायकलनेच येत असणार, त्यांना एसटीच्या मागे-पुढे सोडायचं का? पुण्यात २००६ नंतर बीआरटीबरोबर (बससाठी वेगळी लेन) सातारा रोड, सोलापूर रोडला ट्रॅक केले ते तुकड्यातुकड्यात राहिले हे मान्य, मी स्वतः त्यांवरून सायकल चालवलीय, मध्येच ट्रॅक संपतो आणि तुम्ही बसस्टॉपच्या मागच्या गर्दीत उतरता. पण तो दोष जोडणीचा आहे, चौकात ट्रॅक गायब होतो तिथे खरा धोका, म्हणून सायकलच नको हे कसं काय?

आडवाछेद

तुमची काळजी खरी आहे. मी नको म्हणतोय ते या रुंदीत. दीड मीटरचा ट्रॅक फूटपाथच्या लेव्हलला रंग मारून दिला तर पहिल्या महिन्यात त्यावर स्टॉल लागतात, आणि रस्त्याच्या लेव्हलला नुसता पट्टा मारला तर टू-व्हीलर घुसतात. दोन्हीपेक्षा वेगळी, मधल्या उंचीची लेव्हल द्यायची तर दोन्हीकडे दोन-दोन मीटर लागतात, मग बस, रिक्षा, लोडिंग सगळं परत लेनमध्ये येतं. अशा वेळी गाड्यांचा वेग ३० च्या आत आणायचा आणि सायकल लेनमध्येच चालू द्यायची. वेगाचा मुद्दा हलका नाहीये, सरासरी वेग १ टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेच्या मागच्या गल्लीतून मुलांना वाट काढता येत असेल तर तिथे गाड्या बंद करून फक्त सायकल आणि चालणारे ठेवायची मागणी जरूर करा.

चाकदोन

मागच्या गल्लीचं चालेल, पण ती गल्ली याच कामात, याच टेंडरमध्ये हवी. "पुढच्या टप्प्यात" म्हटलं की ते होत नाही. आणि ३० चा बोर्ड लावून वेग येत नाही, उचललेलं क्रॉसिंग दर शंभर-दीडशे मीटरवर पाहिजे.

पेठेतला_दुकानदार

माझं कापडाचं दुकान आहे, दुसऱ्या शहरात. आमच्या रस्त्याचं असंच काम झालं म्हणून दुकानदारांच्या बाजूने लिहितो. पार्किंगची भीती असते हे खरंय पण आमच्याकडे बाहेर सकाळी दहापासून लागलेल्या गाड्या बघितल्या तर त्या गिऱ्हाइकांच्या नव्हत्याच, आमच्या सेल्समनच्या आणि शेजारच्या दुकानदारांच्या होत्या. एका कारच्या जागेत पाच टू-व्हीलर बसतात आणि आमचं गिऱ्हाइक बहुतेक टू-व्हीलरवर नाहीतर पायी येतं. तेव्हा पार्किंग मागा पण टू-व्हीलरचं मागा, आणि मालाच्या टेम्पोला सकाळी दहाच्या आत वेळ बांधून मागा.

खरा मार बसतो तो कामाच्या काळात. आमच्याकडे दोन्ही बाजू एकदम खोदल्या, दिवाळीच्या तोंडावर, दुकानात यायला फळी टाकलेली. काम झाल्यावर तीन महिन्यांत केबलवाले आले आणि नवे पेव्हर ब्लॉक उखडले. म्हणून दोन गोष्टी लिहून घ्या. एक बाजू पूर्ण करून लोकांना वापरायला देणार, मगच दुसरी उघडणार. आणि पाणी, ड्रेनेज, वीज, केबल यांचे डक्ट (पाइप-केबल टाकायच्या नळ्या) फूटपाथखाली आधी. बेंगळुरूला टेंडरशुअर नावाच्या योजनेत जे रस्ते केले ते याच पद्धतीने, डक्ट आधी, फरशी नंतर.

पथारीवाल्यांचं पण बोला, त्यांना हाकलून प्रश्न सुटत नाही, संध्याकाळी परत तिथेच येतात कारण गिऱ्हाईक तिथे आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात त्यांची समिती आहे, त्यांना बैठकीलाच बोलवा आणि त्या पट्ट्यात जागा आखून द्या.

मायलेक

माझी आई व्हीलचेअरवर असते. तुम्ही सगळे रुंदी बोलताय पण आम्हाला रुंदीच्या आधी सलगपणा लागतो. फूटपाथ तीन मीटरचा असला आणि प्रत्येक पार्किंगच्या गेटपाशी खाली उतरून परत चढला तर आम्ही रस्त्यावरूनच जातो, दुसरा इलाजच नसतो. गेटपाशी फूटपाथ तसाच सरळ जायला हवा, चढायचं काम गाडीने करायचं. उतार १ ला १२ पेक्षा खडा नको, एकटीने ढकलताना हात सुटतो.

बोलार्डचं पण बघा. टू-व्हीलर अडवायला खांब इतके जवळ लावतात की खुर्ची अडकते आणि ॲक्टिव्हा मात्र तिरकी करून जाते. खुर्चीला ९० सेंटिमीटर तरी मोकळे लागतात. तेवढ्यातून गाडी पण जातेच, म्हणून खांबांवर सगळी भिस्त ठेवू नका, दंड करणारा माणूस लागतो. अंधांसाठीच्या पिवळ्या टाइल्स थेट विजेच्या खांबावर नेऊन सोडलेल्या मी पाहिल्यात, बसवताना कुणी डोळे मिटून त्यावरून चालून बघत नाही का असा प्रश्न पडतो.

आणि बैठकीत कुणी "चैनीचे फूटपाथ" म्हणालंच तर सांगा, २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ चालणारी होती. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोकळा फूटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलंय. हे मागताना कुणापुढे अजिजी करायची गरज नाही.

सदाफुली७२

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, प्रिंट काढून नेते. मंदिरापाशी रस्ता प्रत्यक्षात १८ भरत नाही, ओटा पुढे आलाय, साधारण १५ असेल. तिथे काय करायचं? आणि हे सगळं आधी करून बघता येतं का, खर्च न करता?

आडवाछेद

१५ असेल तर तिथे पट्टा सोडून द्या, पार्किंग शून्य, पण चालायचे अडीच मीटर कमी करू देऊ नका. फूटपाथ ७, लेन साडेसहा, साडेतेरात बसतं आणि वर दीड मीटर उरतो, तो ओट्याच्या बाजूला द्या, दर्शनाची रांग तिथे उभी राहील. ड्रॉइंग मागाल तेव्हा याच जागेचा आडवा छेद (भिंत ते भिंत कापून दाखवलेलं चित्र) मागा, रुंद जागेचा दाखवतात आणि तो नेहमी सुंदर दिसतो.

करून बघता येतं. चुन्याची फक्की मारून नवीन कर्बची लाइन आखायची, कोन लावायचे, एक बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस असं ठेवायचं, ट्रॅफिक पोलिसांची परवानगी आधी घ्या. पुण्यात लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन केला होता, तो पूर्ण गाड्या बंद ठेवून होता, तुम्हाला एवढं करायची गरज नाही. शाळा सुटायच्या वेळी वरच्या गच्चीवरून फोटो काढा, माणसं आखलेल्या लाइनच्या आत मावतायत का ते त्यात कळतं.

एसटी स्टँडच्या तोंडाशी मात्र फक्कीवर विसंबू नका. डेपोत जाऊन ड्रायव्हरना विचारा बस वळताना मागचं चाक कुठून जातं, जमलं तर एक बस वळवून घेऊन त्या चाकाची खूण करा. ती खूण ड्रॉइंगमध्ये आली नाही तर कोपऱ्यावरचा कर्ब पहिल्याच आठवड्यात फुटतो.