मदत हवी आहे: जीएनयू रेडिओमध्ये लिहिलेला ब्लॉक फाइलवर चालतो, अँटेनावर चालत नाही

भरतीओहोटी
नमस्कार. मी जीएनयू रेडिओमध्ये (ब्लॉक जोडून संगणकावर रेडिओ सिग्नल हाताळणारी प्रणाली) जहाजांचे एआयएस संदेश (जहाजे आपली ओळख व जागा सांगतात ते रेडिओ संदेश) वाचणारा ब्लॉक लिहिला आहे. फाइल दिली की तो सगळे संदेश बिनचूक काढतो. आरटीएल-एसडीआर (यूएसबीला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) जोडला की मात्र क्वचित एखादा छोटा संदेश दिसतो, आणि जहाजाचे नाव, गंतव्य बंदर वगैरे माहिती देणारा प्रकार ५ चा संदेश तर एकदाही आलेला नाही. उरणला आमच्या गच्चीवरून न्हावा शेवाकडे जाणारी जहाजे डोळ्यांनी दिसतात, त्यामुळे सिग्नल पोहोचत नसेल असे वाटत नाही. ब्लॉकचे काम साधे आहे: सुरुवातीची खूण शोधायची, शेवटची खूण शोधायची, मधले बिट काढून सीआरसी (चूक ओळखणारा तपासणीचा आकडा) तपासायचा. थ्रॉटल ब्लॉक घालून पाहिला आणि काढूनही पाहिला, फरक पडला नाही. हाच सांगाडा पुढच्या प्रकल्पात वापरायचा असून तिथले काम यामुळे खोळंबले आहे, तेव्हा काय चुकते आहे ते कृपया लवकर सांगावे.

लघुलहरी
आधी अँटेना तपासा. एआयएस १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन वाहिन्यांवर चालते आणि जहाजांचे अँटेना उभे असतात, म्हणून तुमचाही उभाच हवा. पाव तरंगलांबीची काडी साधारण ४६ सेंटीमीटर भरते. सोबत मिळणारी छोटी काडी टीव्हीसाठी असते. दुसरी गोष्ट म्हणजे पीपीएम, म्हणजे दशलक्षांशांत मोजलेली वारंवारतेची चूक. स्वस्त डाँगलचा क्रिस्टल ५० पीपीएमने सरकलेला असेल, तर या वारंवारतेला ८ किलोहर्ट्झहून अधिक फरक पडतो, आणि २५ किलोहर्ट्झच्या वाहिनीत तेवढा फरक संदेश बिघडवायला पुरेसा आहे. माझा अनुभव असा आहे की दहांपैकी नऊ तक्रारी इथेच मिटतात.

वाहकतरंग
अँटेनाचा दोष असता तर लहान आणि मोठ्या संदेशांत इतका स्पष्ट भेद दिसला नसता. धागाकर्त्यांनी पुढील माहिती द्यावी, कारण त्याशिवाय सगळेच अंदाज ठरतील. जीएनयू रेडिओची आवृत्ती कोणती, ब्लॉक पायथनमध्ये आहे की सी प्लस प्लसमध्ये, तो कोणत्या मूळ वर्गावरून घेतला आहे, वर्क फंक्शन (बिटांचा हप्ता आला की जीएनयू रेडिओ जे बोलावतो ते) शेवटी कोणती संख्या परत करते, आणि फाइल नेमकी कशाची आहे? थ्रॉटलबद्दल एवढेच सांगतो की प्रत्यक्ष उपकरण जोडलेले असताना तो कधीही ठेवू नये. उपकरणाचे घड्याळच वेग ठरवत असते आणि थ्रॉटल संगणकाच्या घड्याळावर दुसरा वेग लादतो.

भरतीओहोटी
आवृत्ती ३.१०, सी प्लस प्लस, मूळ वर्ग सिंक ब्लॉक (sync_block). आउटपुट पोर्ट नाही, संदेश मेसेज पोर्टवरून पाठवतो. वर्क जेवढे बिट मिळाले तेवढी संख्या परत करते. अँटेना उभा आहे आणि पीपीएम सुधारलेला आहे. एवढी माहिती पुरेशी असावी.

सुतारपक्षी
हा ब्लॉक मुळात लिहायचाच कशाला? जीएनयू रेडिओच्या डिजिटल विभागात एचडीएलसी (दोन्ही टोकांना खुणा लावून संदेश बांधण्याची पद्धत) डीफ्रेमर तयार मिळतो. तो खुणा शोधतो, भरीचे शून्य (सलग पाच एकांनंतर मुद्दाम घातलेले) काढतो, सीआरसी तपासतो आणि पीडीयू, म्हणजे तयार संदेश, पाठवतो. त्याच्या आधी डिफरन्शियल डीकोडर लावावा आणि निघालेला बिट उलटा करावा, कारण एआयएसमध्ये पातळी बदलली की शून्य मानतात. तासाभराचे काम आहे.

भरतीओहोटी
तो ब्लॉक मला माहीत आहे. पुढच्या प्रकल्पातील चौकट (एका संदेशाचा पूर्ण बिटसमूह) एचडीएलसीची नाही, लांबीचा आकडा चौकटीतच येतो. म्हणूनच स्वतःचा ब्लॉक नीट उभा राहायला हवा आहे.

वाहकतरंग
फाइलचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. तिच्यात आयक्यू नमुने (उपकरणातून येणारा कच्चा सिग्नल) आहेत की बिट? आणि वर्कला एका वेळी किती बिट मिळतात, ते दोन्ही वेळा छापून पाहा.

भरतीओहोटी
फाइलमध्ये बिट आहेत, एका बाइटला एक. एनआरझेडआय (पातळी बदलली की शून्य, ही पद्धत) उलगडून झाल्यानंतरचे साठवले होते. ती थेट माझ्या ब्लॉकला जोडतो. फाइलवर संख्या हजारोंमध्ये येते. अँटेनावर बहुतेक वेळा १६३ किंवा १६४, अधूनमधून त्याच्या दुप्पट. उपकरणाचा नमुना दर २,४०,००० आहे, त्याला ५ ने भागून ४८,००० करतो आणि प्रत्येक बिटाला ५ नमुने पडतात.

वाहकतरंग
मग दुखणे उघड आहे. तुमचे वर्क प्रत्येक वेळी नव्याने खूण शोधायला लागते आणि हाती आलेले सर्व बिट संपवून परतते, असे मी धरतो.

जीएनयू रेडिओमध्ये ब्लॉकामागील बफर नेहमीच्या मांडणीत ६४ किलोबाइटचा असतो आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी काम करता यावे म्हणून शेड्यूलर (ब्लॉकांना काम देणारा भाग) एका हाकेत, म्हणजे वर्कला एकदा बोलावताना, त्याचा अर्धाच भाग भरायला देतो, म्हणजे ३२,७६८ बाइट. आठ बाइटच्या आयक्यू नमुन्यांत ते ४,०९६ नमुने होतात. तुमच्या साखळीत पंचवीस नमुन्यांमागे एक बिट निघतो, म्हणजे एका हप्त्यात सुमारे १६४ बिट, आणि तुम्ही छापलेला आकडा तोच आहे. बिटांच्या फाइलमधून मात्र एका हाकेत ३२,७६८ पर्यंत बिट येऊ शकतात.

आता चौकटीची लांबी पाहू. जागा सांगणाऱ्या प्रकार १ च्या संदेशात १६८ बिट माहितीचे, १६ सीआरसीचे आणि दोन्ही टोकांच्या खुणांचे १६ मिळून २०० होतात, शिवाय भरीचे शून्य वेगळे. असा संदेश १६४ च्या हप्त्यात मावतच नाही. तुमच्या ब्लॉकचा थ्रेड मागे पडून दोन हप्ते एकत्र आले, तरच तो मिळतो. प्रकार ५ मध्ये माहितीचेच ४२४ बिट असतात आणि एकूण ४५६ च्या पुढे जातात, म्हणून तो दुप्पट हप्त्यातही मावत नाही.

शेड्यूलर दोनच गोष्टींची हमी देतो: बिट क्रमाने येतील आणि मधला एकही गळणार नाही. एका वेळी किती येतील याची हमी तो कधीच देत नाही, आणि त्या संख्येवर ज्या ब्लॉकचे उत्तर अवलंबून आहे तो ब्लॉक चुकीचा मानावा. अर्धवट चौकट, मागील आठ बिटांची नोंद आणि सलग आलेल्या एकांची मोजणी ही सगळी अवस्था वर्कच्या आत न ठेवता वर्गाच्या सदस्यांत ठेवा. वर्कने एकेक बिट घेऊन ती अवस्था पुढे सरकवावी आणि चौकट पूर्ण झाली की संदेश पाठवावा, मग तिची सुरुवात कोणत्याही हाकेत झालेली असो.

पुणे३८
इतके पुनर्लेखन करण्याची गरज नाही. आधीच्या ब्लॉकचा किमान आउटपुट बफर वाढवावा, किंवा या ब्लॉकमध्ये आउटपुट मल्टिपल १,०२४ ठेवावे, म्हणजे तेवढे बिट जमल्याशिवाय वर्कला हाक येणारच नाही. शिवाय बफर वर्तुळाकार असल्याने तो जिथे संपतो तिथेच चौकट तुटत असेल, हीही शक्यता तपासावी.

वाहकतरंग
असहमत. बफर मोठा केला की त्यात मावते जास्त, पण तो भरेपर्यंत शेड्यूलर थांबून राहत नाही. मल्टिपल ठेवले तर १,०२४ बिटांचे हप्ते मिळतील हे खरे, तरी १,०२३ व्या बिटाला सुरू झालेली चौकट तुटेलच. दोष कमी दिसू लागेल आणि शोधायला अधिक अवघड होईल. ९,६०० बिट प्रति सेकंद या वेगाला एक दशांश सेकंदाहून अधिक विलंब लागेल तो वेगळाच. वर्तुळाच्या टोकाची काळजी करू नये, कारण तीच स्मृती आभासी पत्त्यांमध्ये लागोपाठ दोनदा जोडलेली असते आणि ब्लॉकला मिळणारा तुकडा सलगच असतो.

उत्तरध्रुव
अशा कामासाठी सेट हिस्टरी आहे. हिस्टरी ६०० ठेवली की प्रत्येक हाकेत मागचे ५९९ बिट पुन्हा समोर येतात आणि तुटलेली चौकट आपोआप जुळते. मी माझ्या सर्व ब्लॉकांत हेच करतो.

वाहकतरंग
हिस्टरी फिल्टरसाठी उत्तम आहे, कारण फिल्टरला मागचे ठरावीक नमुनेच लागतात. चौकटीच्या बाबतीत तोच संदेश पुढच्या हाकेत पुन्हा सापडतो, मग दुबार संदेश गाळण्यासाठी निराळी नोंद ठेवावी लागते, आणि ती नोंद म्हणजे पुन्हा अवस्थाच झाली. सुरुवातीला हिस्टरीच्या जागी शून्ये भरलेली असतात, हेही लक्षात ठेवावे लागते.

उत्तरध्रुव
दुबार संदेश गाळणे अवघड नाही, चौकटीच्या शेवटाचा अनुक्रमांक लक्षात ठेवला की झाले. पण मुद्दा मान्य. मग साधा ब्लॉक घेऊन जनरल वर्कमध्ये अर्धवट चौकटीच्या सुरुवातीपर्यंतचेच बिट कन्झ्यूम करावेत (वापरून झाले असे कळवावे) आणि उरलेले बफरमध्येच राहू द्यावेत. ही पद्धत अधिक स्वच्छ नाही का?

वाहकतरंग
आयक्यू नमुन्यांवर प्रास्ताविकाचा (संदेशाआधीच्या ठरावीक बिटांचा) सहसंबंध काढायचा असेल आणि पूर्ण खिडकी एकत्र समोर हवी असेल, तेव्हा मीही तसेच करतो. मात्र तिथे फोरकास्टमध्ये (किती इनपुट लागेल ते सांगणाऱ्या फंक्शनमध्ये) पुरेशी मागणी नोंदवावी लागते. तसे न करता काहीच कन्झ्यूम न करता परतलात, तर शेड्यूलर लगेच पुन्हा हाक मारतो, तेच अपुरे बिट पुन्हा मिळतात आणि एक कोर विनाकारण पूर्ण वेळ फिरत राहतो. इथे गोंगाटाचाही विचार हवा. खूण आठ बिटांची आहे, म्हणून निव्वळ गोंगाटातही ती सरासरीने दर २५६ बिटांमागे एकदा दिसते, म्हणजे सेकंदाला सुमारे ३७ वेळा. प्रत्येक खोट्या खुणेपाशी बिट अडवून ठेवणे परवडत नाही.

लघुलहरी
चर्चा चांगली चालली आहे, तरी लो नॉइज ॲम्प्लिफायर लावून एकदा पाहावे, असे मी पुन्हा सुचवतो. तो अँटेनाजवळ लावावा, केबलच्या दुसऱ्या टोकाला नव्हे.

भरतीओहोटी
अवस्था सदस्यांत हलवली. प्रकार ५ येऊ लागले, पहिले नाव एका कंटेनर जहाजाचे मिळाले. सर्वांचे मनापासून आभार. परंतु अजूनही बरेच संदेश गळतात. तीच आयक्यू नोंद तयार डीफ्रेमरला दिली तर त्याला माझ्यापेक्षा बरेच जास्त मिळतात. हप्त्यांचा प्रश्न सुटला असेल तर आता काय राहिले?

सुतारपक्षी
दोन प्रश्न आहेत. शेवटची खूण मिळाल्यावर तुमची अवस्था कुठे जाते, आणि सलग सात एक आले तर काय करता?

भरतीओहोटी
शेवटची खूण मिळाली की चौकट तपासतो आणि पुन्हा सुरुवातीची खूण शोधू लागतो. सात एक आले तर काही विशेष करत नाही.

सुतारपक्षी
गळती तिथेच आहे. तुम्ही खुणा जोडीने मोजता: एक सुरुवातीची, एक शेवटची. गोंगाटात ०११११११० दिसले की ती तुमच्या लेखी सुरुवात ठरते, मग खऱ्या संदेशाची सुरुवातीची खूण शेवट ठरते, सीआरसी अर्थातच जुळत नाही, आणि खरा संदेश चालू असताना तुमचा ब्लॉक नवी सुरुवात शोधत बसतो. साठवलेली तुमची फाइल कदाचित गोंगाट छाटलेली असेल, म्हणून तिथे हे दिसले नाही.

प्रत्येक खुणेला मागच्या चौकटीचा शेवट आणि पुढच्या चौकटीची सुरुवात असे दोन्ही अर्थ द्या. सलग सात एक आले की चौकट टाकून द्या, कारण भरीच्या नियमामुळे खऱ्या माहितीत पाचांपेक्षा जास्त एक सलग येत नाहीत. कमाल लांबीही ठरवा, नाहीतर गोंगाटात साठा उगाच वाढत राहील. सीआरसी धरून संपूर्ण चौकट गणितातून नेली तर शेष 0xF0B8 यायला हवा, त्यामुळे वेगळी तुलना करावी लागत नाही.

पुणे३८
या निमित्ताने एक सांगावेसे वाटते. कमाल लांबी स्लायडरवरून बदलण्याची सोय करणार असाल, तर ते सेटर फंक्शन ग्राफिक खिडकीच्या थ्रेडमधून चालते आणि त्याच क्षणी तुमचे वर्क दुसऱ्या थ्रेडमध्ये तेच सदस्य वाचत असते. म्हणून सेटरमध्ये आणि वर्कच्या सुरुवातीला ब्लॉकचे सेट लॉक घ्यावे. मेसेज पोर्टवरून येणारा बदल मात्र ब्लॉकच्याच थ्रेडमध्ये, दोन हाकांच्या मध्ये हाताळला जातो, तिथे कुलपाची गरज नाही.

भरतीओहोटी
स्लायडर सध्या नाही, पण माहिती उपयोगी आहे. खुणांचा बदल केला आणि आता माझ्या ब्लॉकला व तयार डीफ्रेमरला तेच संदेश मिळतात. हा प्रकार पुढच्या ब्लॉकमध्ये पुन्हा होऊ नये यासाठी चाचणी कशी लिहावी?

वाहकतरंग
अवस्था पुढे नेणारा भाग जीएनयू रेडिओपासून स्वतंत्र वर्गात काढा, म्हणजे वर्कमध्ये फक्त तो वर्ग बोलावणारी ओळ राहील. मग त्या वर्गाला एकच बिटमालिका वेगवेगळ्या तुकड्यांत द्या: एकेक बिट, सात-सात, १६४, आणि शेवटी पूर्ण मालिका एकदम. चारही वेळा संदेशांची यादी हुबेहूब सारखी यायला हवी. मालिकेच्या आधी आणि मध्ये यादृच्छिक बिट जरूर घाला, म्हणजे खोट्या खुणाही तपासल्या जातील. टॉप ब्लॉकच्या रन फंक्शनला कमाल संख्या देऊनही लहान हप्ते पाडता येतात, पण वाटेतल्या बफरमध्ये ते पुन्हा एकत्र होऊ शकतात. म्हणून त्या चाचणीवर एकट्याने विसंबू नये.

उत्तरध्रुव
प्रत्येक संदेशाला वेळेचा शिक्का द्यायचा असेल, तर वाचलेल्या बिटांच्या एकूण संख्येला ९,६०० ने भागण्याचा मोह होईल. ती संख्या ६४ बिटांची असून हप्त्यांवर अवलंबून नसते, हे चांगलेच आहे. परंतु दोन संदेशांमधल्या गोंगाटात घड्याळ पकडणारा ब्लॉक कधी एखादा बिट जास्त काढतो तर कधी गाळतो, त्यामुळे हिशेब हळूहळू सरकतो. एआयएसमध्ये एका मिनिटाचे २,२५० खाचे (प्रसारणासाठी वाटलेले वेळेचे तुकडे) असतात, म्हणजे एक खाचा २६.६७ मिलिसेकंदांचा. खाच्याचा क्रमांक हवा असेल तर वेळ आयक्यू नमुन्यांच्या बाजूलाच टॅग म्हणून जोडावी लागेल.

भरतीओहोटी
खाच्याचा क्रमांक लागणार नाही, सेकंदापर्यंतची वेळ पुरे आहे, म्हणून संदेश पाठवतानाची संगणकाची वेळच लावतो. चाचणी सांगितल्याप्रमाणे लिहायला घेतली आहे. एकेक बिटाच्या आणि सात-सातच्या याद्या जुळल्या.