पीएच मीटर आधी, लेबल नंतर

"विक्री जमली की झालं, विज्ञानाच्या पदवीचा खाद्यप्रक्रियेच्या धंद्यात काय उपयोग?" हे इथं वरच्या एका प्रतिक्रियेत वाचलं आणि राहवलं नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि आता टोमॅटो सॉस बनवते.

पहिल्याच वर्षी एका बॅचच्या काही बाटल्यांची झाकणं फुगली. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त), पाहिला, 3.9, म्हणजे आम्लता ठीक. मग एक थेंब काचपट्टीवर घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या, म्हणजे साखर आंबवून वायू सोडणाऱ्या बुरशीच्या पेशी, त्यांना फुटलेले कोंब स्पष्ट दिसत होते. मग नोंदवही काढली. फुगलेल्या सगळ्या बाटल्या शेवटी भरलेल्या होत्या, आणि तोवर सॉस 70 अंशांच्याही खाली आला होता. आता 85 अंशांच्या खाली गेला की भरणं थांबवून पुन्हा तापवतो. बाटली भरली की लगेच उलटी करतो, म्हणजे झाकणाची आतली बाजूही त्याच उष्णतेत निघते. ही शिस्त प्रयोगशाळेनंच लावली.

टोमॅटोचा पीएच 4.6 च्या आसपास रेंगाळतो. त्याच्या वर गेला तर हवाबंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंना वाव मिळतो, आणि त्यांचं विष चवीला कळेलच असं नाही. म्हणून मी प्रत्येक बॅच मोजते, अपवाद नाही.

हिशेब मात्र मला शून्यापासून शिकावे लागले, ते खरं. पण ते शिकता येतात हो!

जॅमपासून सुरुवात करू का, असं विचारणाऱ्या ताई, जरूर करा. फक्त प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या तारीख घालून स्वतःकडे ठेवा, म्हणजे पुढे काही बिघडलं तर तपासता येईल.